दोर नको म्हणणाऱ्यांच्या घरी

"दोर नको, अडकतो," असं म्हणून माझा धाकटा भाचा सुरेश विहिरीत उतरला.

त्याचा थोरला भाऊ रमेश आधीच तळाशी गाळात बसला होता. मान छातीवर पडलेली, दोन्ही हात सुटलेले, आणि वरून कितीही हाका मारल्या तरी वर बघत नव्हता. दोर काठावर पडला होता. पिवळा, नायलॉनचा, नवा कोरा. त्याला घमेलं बांधून गाळ वर ओढायचं काम चाललं होतं. मी तो उचलून सुरेशच्या पुढ्यात धरला. त्यानं माझा हात झटकला, छाती भरून दम घेतला, गाल फुगवले आणि भिंतीतल्या दगडांवर पाय टाकत भराभर खाली गेला.

कशात अडकतो, हे त्यानं जन्मात कुणाला विचारलं नव्हतं. साधी गोल विहीर. आत फळी नाही, खुंटी नाही, झाडाचं मूळसुद्धा नाही. कशात अडकणार होता दोर?

मला वरून सगळं दिसत होतं. त्यानं रमेशला काखेत धरून उचललं, खांद्यावर घेतलं, तसाच काही दगड वर चढला. विहिरीच्या मध्यावर एक रुंद चिरा पुढं आलेला आहे, त्याच्यावर त्यानं रमेशला आडवं ढकललं. तोवर त्याचा दम पुरला. मग माणसाला श्वास घ्यावाच लागतो, तसा त्यानं घेतला. त्याचा हात सुटला आणि तो पाठीवर गाळात पडला.

त्या दोघांचा बाप, म्हणजे माझा पाठचा भाऊ दामा, माझ्या शेजारी उभा होता. त्यानं सदरा काढला. "मी काढतो दोघांना," म्हणाला आणि सत्तरीचा म्हातारा गाल फुगवायला लागला. मी त्याच्या दोन्ही पायांना मिठी मारली आणि तिथंच खाली बसले. त्यानं माझ्या पाठीत बुक्क्या घातल्या.

"सोड गो बाय! पोरं मरतायत माझी! सोड!"

मी सोडलं नाही.

हे रोह्याला घडलं. मी जुन्नरला परत आल्यापासून शेजारच्या बायका विचारतात, कोकण कसं आहे, मासे खाल्ले का, समुद्र पाहिला का. समुद्र पाहिला नाही. मासे खाल्ले. बाकीचं सांगते, ते ऐकून घ्या.

वडखळ

माझं माहेर पेणच्या खाडीकडचं. त्या भागाला खारेपाट म्हणतात. लग्न होऊन घाटावर आले, त्यानंतर माहेरी जाणं झालं ते लग्नाला किंवा मयताला. या खेपेला रमेशनं रोह्याजवळ घर बांधलं, त्याची घरभरणी होती. फोनवर म्हणाला, "आत्या, तू आली नाय तर मी नव्या घरात भात शिजवणार नाय." त्याला भात फार प्रिय, म्हणून निघाले.

पनवेलला अलिबागची एसटी धरली. पेणला रामवाडीच्या स्टँडवर उतरायचं होतं. मला झोप लागली. जाग आली तेव्हा गाडी वडखळच्या नाक्यावर उभी होती.

"आजी, पेण मागं गेलं," कंडक्टर म्हणाला.

"मग उठवायचं नाही का?"

"एवढ्या घोरत होता, मला वाटलं अलिबागपर्यंतची झोप हाय."

पिशवी घेऊन उतरले. वैशाखाचं ऊन, तिन्ही बाजूंनी ट्रक, आणि महामार्गाचं काम माझ्या मागच्या फेरीला जिथं होतं तिथंच. सुरेश त्याची मिनीडोर घेऊन न्यायला आला. सहा माणसांच्या रिक्षेला तिकडं मिनीडोर म्हणतात. सहा माणसांची म्हणायची आणि दहा बसवायची. पेण ते वडखळ हाच त्याचा धंदा.

"काय आत्या, पेण सोडून अलिबागला निघालीस? पोहायला?"

"पोहायला तुझा बाप."

"तो तर अजून पोहतो. परवाच बांधाच्या उघाडीत, पाण्याच्या दाराशी, बुडी मारली. म्हातारा ऐकत नाय."

हे सांगताना त्याचं तोंड अभिमानानं भरलं होतं. मला तेव्हाच ते आवडलं नाही.

सुरेश माणूस चांगला होता, ते आधी सांगते. वाटेत एक लंगडा म्हातारा उतरला, तर हा गाडी बंद करून त्याची गोणी घराच्या ओटीपर्यंत पोचवून आला. मागचे लोक ओरडत होते, यानं ढुंकून पाहिलं नाही. हे त्याला बापानं शिकवलं आणि बापाला आमच्या बाबांनी. हाती घेतलेलं काम दारापर्यंत न्यायचं, दुसऱ्यावर टाकायचं नाही, केल्याचं बोलून दाखवायचं नाही. आमच्या घरातले पुरुष या बाबतीत शंभर नंबरी. त्यांचं बिनसतं ते पुढं.

रामवाडीत त्याचं दोन खोल्यांचं घर. बायको रेखा पापड लाटते. उन्हाळ्यात पेणमध्ये ज्या अंगणात बघाल तिथं पोह्याचे पापड वाळत असतात. पाय ठेवायला जागा नाही, आणि पाहुण्याला पहिलं वाक्य "या" असं नसतं, "सांभाळून" असं असतं. आमच्याकडं बाजरीची पापडी करतात, ती जाड. हा पापड इतका पातळ की रेखानं उन्हाकडं धरला तर त्याच्यातून तिचं तोंड दिसलं. त्यांची लेक सानिका दहावीची परीक्षा देऊन बसली होती. पोरगी थोडं बोलते, पण विचारते नेमकं. मला म्हणाली, "आजी, तुम्ही इकडच्या, मग तुमची भाषा घाटावरची कशी?" मी म्हटलं, "सासूच्या धाकानं." ती हसली.

बांधावर

दुसऱ्या दिवशी सुरेशनं मला गावी दामाकडं नेलं. जुन्नरच्या माणसाला खारेपाट समजावणं अवघड. डोंगर नाही, चढ नाही. एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मध्ये मातीचा एक बांध. भरतीला खाडीचं पाणी खाचरापेक्षा उंच असतं. बांध आहे म्हणून जमीन आहे. बांधाला भगदाड पडलं, तिकडं त्याला खांड म्हणतात, तर खारं पाणी आत येतं आणि पुढं कैक वर्षं भात होत नाही. म्हणून पूर्वी ज्यांची शेतं त्यांनी मिळून बांध राखायचा. त्याला जोळ म्हणत. खांड पडली की घरटी एक माणूस चिखल घेऊन धावायचा, घरात सुतक असलं तरी. मीही पोरवयात डोक्यावरून चिखल वाहिला आहे. आता जोळ राहिली नाही. सरकार करील म्हणून लोक थांबले, आणि सरकार निविदा काढील म्हणून थांबलं. निम्म्या शेतात तिवरं उगवली आहेत.

बांधावरून चालताना माझी चप्पल चिखलात रुतली, ती रुतलीच. दामा हसून लोळायचा बाकी राहिला. "घाटी झालीस गो बाय, बांधावर चालायचं विसरलीस!" मी दुसरी चप्पलही काढली आणि त्याच्या अंगावर भिरकावली. ती खाडीत गेली. मग रोह्यापर्यंत मी रेखाच्या सपाता घालून हिंडले.

बांधात जागोजागी उघाडी असते. उघाडी म्हणजे खाचरातलं पाणी खाडीत सोडायचं दार. ओहोटीला आतलं पाणी फळी ढकलून बाहेर जातं. भरतीला बाहेरचं पाणी फळी दाबून दार बंद करतं. पण फळीत ओंडका किंवा गाळ अडकला तर दार मिटत नाही, आणि खारं पाणी शेतात शिरतं. तेव्हा कुणीतरी बुडी मारून, दम धरून, हातानं ती घाण काढायची. आमच्या गावात ते काम बाबांचं. बाबांचा दम पंचक्रोशीत माहीत होता. ते खाली गेले की बायका काठावर उभ्या राहून स्वतःचा श्वास धरून बघायच्या, आणि सगळ्यांचा सुटायचा तरी बाबा वर यायचे नाहीत.

दामाला त्यांनी हे काम शिकवलं. शिकवणं म्हणजे काय, तर मान धरून पाण्यात दाबायचं. दामा बोलला तर थप्पड. दोर मागितला तर, "दोर नको, अडकतो." संपलं शिक्षण.

मला मात्र बाबांनी सांगितलं होतं. मी मुलगी, मला उघाडीत उतरायचं नव्हतं, म्हणून माझ्याशी ते मोकळेपणानं बोलायचे. मी भाकरी घेऊन बांधावर गेले की बोलायचे. दोर का नको, तर फळीच्या सांध्यात दोर शिरतो, तेवढ्यात भरती लागली की फळी मिटते, दोर चिमटला जातो आणि माणूस खालीच राहतो. त्यांच्या डोळ्यांदेखत असा एक गेला होता. ही त्या दोराची गोष्ट. उघाडीतली. दुसरीकडची नाही.

आणि दुसरीकडं बाबा दोर बांधायचे. नागोठण्याच्या वरच्या अंगाला आमचे एक नातलग होते. त्यांच्या विहिरीत कळशी पडली, ती काढायला बाबा उतरले तेव्हा त्यांनी कमरेला दोर बांधला आणि टोक शेजारच्या आंब्याला बांधून घेतलं. मी तिथं होते. गाठ पक्की आहे का, ते त्यांनी दोनदा ओढून पाहिलं.

हे मी दामाला पूर्वीही सांगितलं होतं. या खेपेला जेवताना परत सांगितलं, कारण तो त्याची परवाची बुडी रंगवून सांगत होता. त्यानं तळ्यात पाळलेला जिताडा मासा माझ्यासाठी काढला होता. आंबट तिखट कालवण आणि तांदळाची भाकरी. चव अजून जिभेवर आहे. पण त्या जेवणावर भांडण झालं.

"बाबा? आणि कमरेला दोर?" दामा म्हणाला. "तू कुणा दुसऱ्याला बघितलंस गो."

"माझ्या बापाला मी ओळखत नाही का?"

"माझा बा दोर बांधणारा नव्हता. अख्ख्या गावाला विचार."

"गाव विहिरीपाशी नव्हता. मी होते."

"मग तू लहान व्हतीस. तुला काय कळतंय."

सुरेश हसत होता. "आत्या, जाऊ दे. आमच्या घराण्यात दोर फक्त म्हशीला."

मी ताटावरून उठले. माझा बाप भ्यायचा. भ्यायचा म्हणून म्हातारा होऊन अंथरुणात मेला. या लोकांनी त्याची भीती काढून टाकली आणि नुसती छाती ठेवली. लेक बापाकडून शिकतात म्हणतात. हे बापाकडून शिकलेच नाहीत. यांनी आपल्या मनाचा एक बाप बनवला, खऱ्यापेक्षा मोठा आणि खऱ्यापेक्षा मूर्ख, आणि त्याच्या पायावर डोकं ठेवलं.

गडब

घरभरणीच्या आदल्या दिवशी सुरेश, दामा, सानिका आणि मी मिनीडोरनं रोह्याला निघालो. रेखाचे पापड अजून उन्हात होते, ती दुसऱ्या दिवशी येणार होती. वाटेत गडबजवळ सुरेशनं दोन गिऱ्हाइकं घेतली, आणि तिथंच चाक बसलं.

"जॅक नाही का?" मी विचारलं.

"हाय की. शिटाखाली. कोण काढत बसेल?"

त्यानं त्या दोघांना हाताशी घेतलं, स्वतः पाठ लावली आणि गाडीची एक बाजू उचलून धरली. दामानं चाक बदललं. सुरेशच्या गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. रस्त्याकडेच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघत होती. एकानं शिटी मारली. सुरेशला ते आवडलं. मी सीट उचलून जॅक बाहेर काढला आणि रस्त्यावर ठेवला. कुणी त्याकडं पाहिलं नाही. सानिकानं पाहिलं. तिनंच तो परत आत ठेवला.

दुकानदारानं आम्हाला गार कोकम सरबत दिलं. आमच्याकडं पाहुण्याला उसाचा रस देतात. सरबत बरं होतं. मला गोड लागलं नाही.

रोहा

रोहा सुंदर आहे. कुंडलिका नदी भरलेली असते, उन्हाळ्यातसुद्धा, कारण वरून धरणाचं पाणी येतं. आमच्याकडं वैशाखात नदीत पोरं क्रिकेट खेळतात. दोन्ही काठांना झाडी, मागं डोंगर, आणि वारा फिरला की कंपन्यांचा वास. रमेशची बायको सुनंदा म्हणाली, "पैला महिना डोकं दुखतं, मग कळतच नाय."

रमेश त्यातल्याच एका कंपनीत ठेकेदाराकडं कामाला. घर साधं, स्वच्छ, निळ्या रंगाचं. अंगणात जुनी विहीर होती. जागेच्या आधीच्या मालकानं ती फळ्या आणि पत्रे टाकून बंद केली होती. आत वर्षानुवर्षांचा पाला कुजलेला. रमेशला घरभरणीच्या आधी ती उपसायची होती, पूजेला घरच्या विहिरीचं पाणी हवं म्हणून. संध्याकाळी त्यानं फळ्या काढल्या. मी वाकून पाहिलं. वास जड होता.

आमच्या जुन्नरकडं बंद विहीर उघडली की आधी पेटता कंदील सोडतात. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. मी रमेशला म्हटलं, कंदील सोड.

"आत्या, कंदील आता फक्त तुमच्या घाटावर," तो म्हणाला. "थांब, तुझं समाधान करतो."

त्यानं मोबाइलची बॅटरी लावली, फोन सुतळीला बांधला आणि विहिरीत सोडला. तळापर्यंत. सगळे वाकून बघत होते. फोनचा पांढरा उजेड गाळावर पडला.

"बघ! विझला का दिवा?"

सगळे खो खो हसले. दामाच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. मी म्हटलं, "अरे गाढवा, त्या दिव्याला श्वास लागत नाही!" तर ते आणखी हसले. मी सुनंदाकडं निरांजन मागितलं. दामा म्हणाला, देवाचा दिवा विहिरीत सोडतात का, अपशकुन. मेणबत्ती मागितली. घरात नव्हती. सकाळी दुकानातून आणू, असं सानिका म्हणाली.

मग मी रमेशला विचारलं, "कंपनीत टाकी साफ करताना काय करतोस?"

"तिथं बेल्ट लावावा लागतो. तोंडाला मास्क. वर एक माणूस उभा असतो नुसता बघायला."

"मग इथं?"

"ते कंपनीचं काम गो आत्या. हे घरचं."

हे वाक्य मी विसरणार नाही. कंपनीत मेलं तर कंपनी अडचणीत येते, म्हणून बेल्ट. घरात कुणाचं काय अडतं!

सकाळी मी आंघोळीला गेले आणि सानिका मेणबत्तीला दुकानात गेली. यांनी तेवढ्यात काम सुरू केलं. मी स्वतःला यात दोष देत नाही. मी सांगायचं ते सांगितलं होतं, मोठ्यानं आणि पुन्हा पुन्हा. नदीकाठच्या आदिवासी वाडीतला मंगळ्या नावाचा गडी घमेली ओढायला रोजानं बोलावला होता. गाळ काढायला आत उतरायचं काम त्याला सांगितलं तर तो सरळ नाही म्हणाला होता. म्हणून रमेश स्वतः उतरला. आपल्या घरची विहीर आपण उपसायची, हेही आमच्या बाबांचंच शिकवणं. दोन-तीन घमेली वर आली. मग खालून आवाज येईना, आणि वरच्यांच्या हाका ऐकून मी धावत बाहेर आले.

पुढचं सुरुवातीला सांगितलं आहे. आता दामाचे पाय माझ्या मिठीत होते तिथून पुढं सांगते.

सानिका मेणबत्ती घेऊन फाटकातून आली, तिच्यामागून आरडाओरड ऐकून शेजारचे पुरुष. तिनं विहिरीत पाहिलं, बापाला पाहिलं. ओरडली नाही. सुनंदाच्या मोबाइलवरून रमेशच्या कंपनीतल्या साहेबाला फोन लावला आणि त्याला आगीचा बंब आणि हवेच्या टाक्या पाठवायला सांगितलं. मग मंगळ्याकडं वळून म्हणाली, "काका, मोठे काका मध्ये आहेत. तिथपर्यंत जाता येईल का?"

मंगळ्यानं वाकून खाली पाहिलं. "मला भ्या वाटतं," तो म्हणाला. एवढ्या पुरुषांत ते म्हणणारा तो एकटाच. "माझा बा कड्यावर मधाला जायचा. त्यानं सांगितलंय, भ्या वाटलं तर दोन दोर बांध, नायतर जाऊ नको. दोर कापा ह्यो."

कोयत्यानं दोर कापला. एक त्याच्या कमरेला बांधून अंगणातल्या आंब्याला वळसा दिला आणि शेजारच्या चौघांनी धरला. दुसरा त्यानं हातात घेतला. तो मधल्या चिऱ्यापर्यंतच गेला, रमेशच्या काखेतून दोर घातला, आणि ओरडला, "वढा! आदी मला वढा!" त्याला वर घेतलं तेव्हा तो ओकला. मग रमेशला ओढून काढलं. ओठ निळे, पण छाती हलत होती.

दामा म्हणाला, "आता सुरेश. मंगळ्या, परत जा."

"नाय जमणार. तळाला गेलो तर मी बी राहीन."

"भेकड हायस!" दामा किंचाळला.

मी खाली बसल्या बसल्या दामाच्या पोटरीला चावले. खरंच चावले.

बंबवाले आले. त्यांच्यातला एक पाठीवर हवेची टाकी बांधून, तोंडावर मुखवटा चढवून, कमरेला पट्टा लावून उतरला आणि सुरेशला वर घेऊन आला. दोघांना दवाखान्यात नेलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात

बाकड्यावर दामा, सुनंदा, सानिका आणि मी. रेखा पेणहून निघाली होती. शेजारपाजारचे पुरुष जमले. आत डॉक्टर काय करत होते कळायला मार्ग नव्हता, पण यांची तोंडं सुरू झाली.

"काय पोरगा! भाऊ पडला बघितलं आणि मागंपुढं बघितलं नाय."

"वाघ हाय वाघ."

"दामूशेट, तुमच्या बाचं नाव राखलं पोरानं. ह्याला म्हणतात घराणं."

दामाची मान ताठ झाली. डोळ्यांत पाणी आणि मान ताठ. मला त्या क्षणी त्याचा जितका राग आला तितका नवऱ्याचाही कधी आला नाही. मी उठले.

"राखलं कसलं नाव!" मी म्हटलं. "दोर त्याच्या पायाशी पडला होता. मी हातात दिला, तो झटकला. कमरेला दोर असता तर तो वर ओढला गेला असता, भावासकट. तुम्ही त्याला वाघ म्हणा, आणि उद्या तुमची पोरं उतरतील अशीच, गाल फुगवून!"

"आजी, ही येळ नाय असं बोलायची," एक जण म्हणाला.

"हीच वेळ आहे. नंतर तुम्ही फोटोला हार घालाल, मग कोण ऐकेल?"

दामा म्हणाला, "बाय, खाली बस. दोर बांधून गेला असता तर लोक काय म्हणाले असते?"

"हे लोक? यांना काय वाटेल त्यासाठी जीव धोक्यात घालायचा?"

"आमी असंच शिकलो."

"तू शिकलास ते बाबांनी शिकवलं नव्हतं. त्यांनी दोर बांधला होता. मी पाहिलंय."

या वेळी तो नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही. भिंतीकडं तोंड करून बसला.

सानिका माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "आजी, म्हणजे पप्पा चुकले?"

सुनंदानं मला डोळ्यांनी खूण केली, पोरीला काही बोलू नका म्हणून. पोरीला खोटं सांगायचं आणि मोठं होऊन तिनं ते आपल्या पोरांना सांगायचं, हेच तर आमच्या घरात चालत आलंय.

"व्हय," मी म्हटलं. तोंडातून माहेरची बोली आली. "भावाला काढायला गेला, ते बरोबर केलं. तुझा काका चिऱ्यावर होता तो त्याच्यामुळं, ते कुणी नाकारू नये. दोर घेतला नाही, ते चुकलं. फार चुकलं. दोन्ही लक्षात ठेव. एक सांगून दुसरं लपवणाऱ्याचं ऐकू नको, तो तुझा आजा असला तरी."

"मला पप्पांनी कधी काही करायला नाही म्हटलं नाही," ती म्हणाली. "गाडीचं चाकसुद्धा बदलायला शिकवलं. जॅक लावून. म्हणाले, तू जॅक लाव, मी नाही लावत, पण तू लाव."

म्हणजे त्याला माहीत होतं. लेकीला जॅक आणि स्वतःला पाठ.

रेखा आली. तिच्या हाताला पिठाचा वास होता. ती थेट आतल्या दाराशी जाऊन उभी राहिली. डॉक्टर बाहेर आले ते तिच्याच समोर.

घरभरणी झाली नाही. मंगळ्याला वाडीतल्या बायकांनी घरी नेलं, दोन दिवसांत तो कामाला लागला. रमेश आठवडाभर दवाखान्यात होता. त्याला बोलताना अजून दम लागतो, पण तो चालतो फिरतो. दामा माझ्याशी बोलत नाही. बंबवाला सोडला तर विहिरीत एकूण तिघं उतरले. रमेश आणि मंगळ्या जगले. सुरेश वर आणला तेव्हाच गेलेला होता.